कोपऱ्यातला डाग

लोक घरं झाडतात, मी सिनेमे झाडते. काय काम करता असं कुणी विचारलं की मी एवढंच सांगते, कारण सविस्तर सांगायला गेलं तर दुसऱ्याच वाक्याला समोरच्याला जांभई येते. जुन्या सिनेमांची रिळं स्कॅन होऊन फाइलच्या रूपात आमच्याकडे येतात. त्यांच्यावर धूळ असते, ओरखडे असतात, बुरशी असते, कुठेतरी कुणाचा तरी केस चिकटलेला असतो. ते सगळं एकेका फ्रेमवरून पुसायचं, काळं आहे ते काळं करायचं, पांढरं आहे ते पांढरं, आणि मग त्या सिनेमाची डिस्क निघते. माणसं ती घरी नेतात, सोफ्यावर लोळत बघतात आणि म्हणतात, प्रिंट मस्त आहे. त्यातला 'मस्त' तेवढा माझा.

कामाची खोली भर दुपारीही अंधारी असते. खिडक्यांना काळे पडदे, भिंती राखाडी. रंगीत भिंत असली तर तिची झाक डोळ्यांत उतरते आणि चित्राचे रंग चुकतात. या खोलीत दिवस काढून माझ्या स्वभावालाही थोडी राखाडी झाक आली आहे असं घरचे म्हणायचे. घरचे म्हणजे नाना, माझे वडील. आई गेल्यापासून आम्ही दोघंच.

आमच्या मालकांना मी तोंडावर सर म्हणते आणि पाठीमागे चकाचक. त्यांना सगळं तसंच लागतं. एक जपानी भुताचा सिनेमा आला तेव्हा पहिल्याच दिवशी माझ्या खुर्चीमागे उभे राहून ते म्हणाले, "मॅडम, हे सगळीकडे मुंग्या चालल्यासारखं काय दिसतंय?"

"दाणा आहे सर. फिल्मचाच असतो. पुसला तर माणसं मेणाची दिसतात."

"घरी बसून बघणाऱ्याला दाणा नको असतो हो. त्याला चकाचक हवं असतं."

"मग त्याने सिनेमा कशाला बघायचा? आरसा बघावा."

ते हसले. माझ्याशिवाय हे काम कुणाला येत नाही, म्हणून ते हसतात. शेवटी तडजोड झाली: दाणा राहील, पण डाग एकही दिसता कामा नये. मी मान डोलावली. डाग माझे कुणी लागत नव्हते.

सिनेमा तसा साधा होता. काळापांढरा. खाडीकाठी एक घर. घरातली बाई मरते, आणि तरी रोज संध्याकाळी आतल्या खोलीत वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घातलेल्या सापडतात. आधी धाकट्या मुलाच्या, मग सासूच्या, मग नवऱ्याच्या. ज्याच्या कपड्यांचा ढीग संपतो ते माणूस दुसऱ्या दिवशी घरात नसतं. कुठे गेलं हे कुणी विचारत नाही. रक्ताचा थेंब नाही, दारं आपटत नाहीत. घड्यांवर हात फिरवल्याचा आवाज तेवढा येतो, सावकाश, आणि तो पुरतो.

आजवर हा सिनेमा एका भिकार कॅसेटवर मिळायचा. त्या कॅसेटवर सगळं डांबरात बुडवल्यासारखं दिसायचं, आवाजाला खरखर, चित्राला उड्या. तरीही ज्यांनी ती पाहिली होती ते शपथेवर सांगायचे की असं भ्यायलो नाही कधी. आता पहिल्यांदा तो घरोघरी स्वच्छ दिसणार होता, आणि तो स्वच्छ करण्याचा मान माझा होता. मला अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

ती मेलेली बाई सिनेमात कुठेच दिसत नाही. निदान माझी तशी समजूत झाली. ढीग कमी होतो, घड्या वाढतात, खोली रिकामी. दिग्दर्शक हुशार, म्हटलं. फक्त त्या खोलीच्या प्रत्येक दृश्यात, ढिगापाशी, एक फिकट डाग होता. बुटका, वर निमुळता, कडा विरघळलेल्या. मॉनिटरला नाक लावून पाहिलं की तिथे दाणे पिंजारल्यासारखे दिसायचे, बाकी काही नाही. बुरशी, मी म्हटलं.

इथे मला एक गोष्ट खटकायला हवी होती. बुरशी फिल्मवर असते. म्हणजे कॅमेरा डावीकडे वळला तरी डाग चित्राच्या त्याच जागी राहायला हवा. हा राहत नव्हता. कॅमेरा वळला की डाग भिंतीबरोबर सरकायचा. तो फिल्मवर नव्हता, खोलीत होता. आमच्या धंद्यात शिकाऊ पोरीलाही हे कळतं. मला दिसलंही होतं. पण डिस्क बाजारात जायची तारीख ठरली होती आणि चकाचक रोज सकाळी "डाग गेला का?" विचारत होते. मी ते मनाआड केलं.

धूळ यंत्र आपोआप ओळखतं, कारण धूळ एका फ्रेमवर असते आणि पुढच्या फ्रेमवर नसते. हा डाग कायम होता, म्हणून यंत्राला शिकवावं लागलं. एकेका फ्रेमवर मी हाताने त्याच्याभोवती रेघ काढली आणि सांगितलं, ही घाण. ही पण घाण. हळूहळू त्याला कळायला लागलं, आणि मग कानामागून आली आणि तिखट झाली तशी गत. मला ज्या दृश्यात डाग दिसला नव्हता तिथेही ते आपणहून शोधायला लागलं. काढलेल्या जागी मागची भिंत इतकी बेमालूम भरायचं की मलाही सांधा सापडेना.

सिनेमात एके ठिकाणी थोरला मुलगा त्या कोपऱ्याकडे बघून किंचाळतो. पुसून झाल्यावर ते दृश्य पाहिलं आणि मला हसू आलं. समोर नुसती भिंत, आणि हा गळा फाडतोय. काय ओव्हरअॅक्टिंग, असं म्हणून मी पुढे गेले.

जगाचे सिनेमे झाडणाऱ्या बाईच्या घरची कॅसेट मात्र तशीच पडली होती. दिव्याखाली अंधार.

आईचं हलतं चित्र जगात एकच. मी लहान असताना नानांनी कुणाचातरी व्हिडिओ कॅमेरा संध्याकाळपुरता मागून आणला आणि चालतो का बघायला घरातच फिरवला. खिडकी, पडदा, पलंगाची कड, आणि खोलीच्या टोकाला आई. दोरीवरून काढलेल्या कपड्यांचा ढीग पुढ्यात घेऊन घड्या घालत बसलेली, पाठ अर्धी वळवलेली. ती काही वळत नाही. शेवटी म्हणते, "अहो, ते बंद करा आधी. बंद करा म्हणते ना." चित्र हलतं आणि संपतं.

आईला घडी कधी जमली नाही. बाही बाहेर, कॉलर तिरकी, शर्टाचं गाठोडं. "तुझी आई कपड्याची घडी घालत नाही," नाना म्हणायचे, "त्याला झोपवते." आई म्हणायची, "मग तुम्ही घाला." ते कधी घालायचे नाहीत. मलाही ते आईचंच वळण लागलं. आमच्या घरच्या कपाटाचं दार उघडलं की दोन कपडे अंगावर आलेच पाहिजेत.

ती गेल्यापासून नाना रोज संध्याकाळी ती कॅसेट लावायचे. मी त्या वेळी स्वयंपाकघरात काहीतरी काम काढायचे. आवाज यायचा, पण बघायला मी कधी गेले नाही. दिवसभर फ्रेम न फ्रेम तपासणारी मी, आईची एक फ्रेम बघायची माझी छाती होत नव्हती.

कॅसेट झिजत चालली होती आणि नानांचे डोळेही. त्यांची नजर मधोमधच विझत होती. कडेकडेचं दिसायचं, समोरचा चेहरा दिसायचा नाही. टीव्ही बघतानाही ते मान थोडी तिरकी करून बसायचे, कुणावर तरी रुसल्यासारखे. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे वाढतच जाणार.

"लोकांचं एवढं साफ करतेस," ते एकदा म्हणाले, "एकदा तुझ्या आईला कर. मला तिचा चेहरा नीट बघायचाय. आहेत डोळे तोवर."

"करते," मी म्हटलं.

"पाठमोरी आहे, माहितीये मला. पण गालाची कड दिसते. तेवढी स्वच्छ करून दे."

सुट्टीच्या दिवशी ऑफिसात कुणी नसतं. सकाळीच कॅसेट घेऊन गेले. ती यंत्रात उतरवून घेतली आणि परत गुंडाळताना जुन्या व्हीसीआरने तिचा चघळून चोथा केला. फाइल झाली होती, म्हणून मला फारसं वाईट वाटलं नाही. मग साफ करायला घेतली. आमचा पहिला नियम असा की मूळ फाइलला हात लावायचा नाही, साफ केलेली वेगळी ठेवायची. पण जपानी सिनेमाने सगळी जागा खाल्ली होती, दुसरी फाइल मावेना. म्हटलं, एवढीशी तर चीज, तिच्यावरच उतरू दे. आणि नवीन शिकवत बसायचं तर पुढचा आठवडा गेला असता. जपानी सिनेमासाठी शिकवलेलं यंत्राच्या डोक्यात होतंच, तेच लावून दिलं.

झाल्यावर सुरुवात बघितली. खिडकी लख्ख, पडद्याची वीण दिसते, पलंगाच्या कडेवरचा टवकाही ओळखू येतो. आईचा आवाज यायच्या आत मी बंद केलं. पडद्यावर यंत्राचा नेहमीचा निरोप आला: एक मोठा डाग, पूर्णपणे काढला. बरं वाटलं. फाइल पेनड्राइव्हवर टाकली, ऑफिसातली पुसून जागा मोकळी केली आणि घरी आले.

संध्याकाळी नानांनी ती लावली. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. आईचं "बंद करा म्हणते ना" आलं, संपलं.

"कसं आहे?" मी आतूनच विचारलं.

"दिसते गं," नाना म्हणाले. "आधी नुसता धूर होता. आता हातसुद्धा दिसतात."

मी ओट्याला टेकून रडले. कष्टाचं चीज झालं, असं मला वाटलं, आणि ते वाटणं किती सुखाचं होतं हे आता आठवायला नको वाटतं.

नाना बदलले. जेवायला लागले, स्वतःहून दाढी करायला लागले. संध्याकाळ व्हायच्या आधीच टीव्हीसमोर जाऊन बसायचे. जेवताना मला सांगायचे, "आज थोडी पुढे सरकून बसली होती." दुसऱ्या दिवशी, "ढीग कमी झाला बघ तिचा. केवढा होता आधी." मी हो ला हो करायचे. विझत्या डोळ्यांना माणूस हवं ते दाखवतो, तेवढं तरी दाखवू दे.

"आणि घड्या काय सुरेख घालते," एकदा म्हणाले. "जन्मभर कानीकपाळी ओरडलो, आता कुठे ऐकलं."

मी हसले. खरंच हसले.

दरम्यान डिस्क बाजारात गेली आणि नावाजली गेली. चकाचक हवेत होते. मग एका दुपारी खोडकाढे ऑफिसात आले. त्यांचं हे नाव मीच ठेवलेलं. ते डिस्कांवर लिहितात. सिनेमा कसा आहे हे त्यांनी आयुष्यात कधी लिहिलं नाही. काळा रंग किती काळा आहे, आवाजात खरखर किती आहे, हे लिहितात. त्यांनी चांगलं म्हटलं तर डिस्क खपते, म्हणून सगळे त्यांना वचकून असतात. त्यांच्या हातात पिशवी होती, पिशवीत ती जुनी भिकार कॅसेट.

"प्रिंट अप्रतिम आहे," ते म्हणाले. "दाणा राखलात त्याबद्दल तर तुमचे पाय धरावेत."

"मग तोंड असं का?"

"बाई कुठाय?"

"कुठली बाई?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला रागच आला. "सगळा सिनेमा पाहिलाय मी," मी म्हटलं, "फ्रेम न फ्रेम. बाई कुठेच नाहीये त्यात."

"तुमचा जुना टीव्ही कुठे असतो? तो ढेरपोट्या?"

जुन्या कॅसेटा तपासायला एक जाड काचेचा टीव्ही आम्ही कोपऱ्यात ठेवलेला आहे. त्यांनी कॅसेट लावली. तीच आतली खोली, डांबर, उड्या, चरचर. ढिगापाशी माझा डाग.

"हा? ही बुरशी आहे."

"जवळून नका बघू. तिकडे दारापाशी जा. जरा लांबून बघा, घरी बघतात तसं."

मी वैतागून दारापाशी गेले आणि वळले. पिंजारलेले दाणे लांबून एकमेकांना धरून बसले होते. मान खाली घातलेली, पाठ अर्धी वळवलेली बाई, पुढ्यात कपडे, आणि तिचे हात सावकाश हलत होते. मी दोन पावलं पुढे आले: डाग. मागे गेले: बाई.

"इतकी पुसट छापलीये तिला, की थेटरात बघणाऱ्याला कळायचं नाही आपण काय बघतोय," खोडकाढे म्हणाले. "नुसतं वाटायचं, कुणीतरी आहे. तुम्ही तिला झाडून काढलीत हो."

ते पुढेही बोलत होते, परत घाला, दुसरी आवृत्ती काढा असं काहीतरी. मला ऐकू येत नव्हतं. यंत्राला मी काय शिकवलं होतं? खोलीच्या टोकाला, कपड्यांच्या ढिगापाशी, मान खाली घालून, पाठ अर्धी वळवून बसलेली, हात हलवणारी बाई म्हणजे घाण. आणि त्याच शिकवणीनिशी मी त्याला आमच्या घरात सोडलं होतं. एक मोठा डाग, पूर्णपणे काढला. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशी देणारी मी.

पर्स टेबलावरच राहिली, मी तशीच निघाले.

घरी पोचले तेव्हा बाहेर अजून उजेड होता, पण नानांनी पडदे ओढून घेतले होते. ते खुर्चीत, मान तिरकी, टीव्ही चालू. मी सरळ जाऊन टीव्हीसमोर वाकले. आईची फ्रेम मी पहिल्यांदा बघत होते.

आई नव्हती. खिडकी होती, पडदा होता, कपडे होते. ती बसायची तिथे भिंत होती, सांधा न दिसणारी. मूळ फाइल नाही, कॅसेट नाही, कुठेच काही नाही. माझ्या मागे नाना गालातल्या गालात हसत त्या रिकाम्या भिंतीकडे बघत होते. हे यांना सांगायचं कसं, एवढा एकच विचार माझ्या डोक्यात होता.

"मध्ये येऊ नकोस," नाना म्हणाले. "इतक्या जवळून नाही दिसत. इकडे ये, माझ्याजवळ बस."

"नाना..."

"अगं, बस तर. वळतेय आज. काल खांद्यापर्यंत वळली होती."

मी मागे सरकले. एक पाऊल, अजून एक, त्यांच्या खुर्चीपर्यंत.

लांबून ती दिसली. मान खाली, हात सावकाश. ती माझी आई नव्हती. हे सांगायला मला चेहरा लागला नाही, तिने बाजूला रचलेल्या घड्या पुरल्या. कोपऱ्याला कोपरा, कडेला कड, बाही आत, एकही सुरकुती नाही. ढिगात आता एकच शर्ट उरला होता, बारीक चौकड्यांचा. तसा शर्ट त्या काळी आमच्या घरात नव्हता. तो मी आणला होता, आई गेल्यानंतर, आणि या क्षणी तो नानांच्या अंगावर होता.

"बघितलंस?" नाना हळूच म्हणाले. "शेवटचा राहिलाय. तो झाला की बघेल माझ्याकडे."

तिने हात पुढे केला आणि चौकड्यांच्या शर्टाची बाही धरली.

"अहो, ते बंद करा आधी," आई म्हणाली.

आवाज तिचाच होता. आमच्या इथे आवाज साफ करणारा माणूस वेगळा असतो, मी फक्त चित्र पुसते. म्हणून तेवढी ती राहिली होती. लाजून, चिडून, कॅमेऱ्याला वैतागून बोललेलं ते वाक्य मी स्वयंपाकघरातून कितीदा ऐकलं असेल, पण ते आपल्याला सांगितलंय असं कधी वाटलं नव्हतं.

"बंद करा म्हणते ना."

मी झेप घेतली. नानांनी माझं मनगट पकडलं. त्यांच्या हातात इतकी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं. "राहू दे," ते म्हणाले, "एकदा बघू दे मला तिला." आणि पडद्यावर ती मान उचलायला लागली होती. मी मनगट हिसडलं, टीव्हीच्या मागे हात घातला, पेनड्राइव्ह उपटला आणि टाचेखाली घेतला. त्याचा चुरा होईपर्यंत पाय देत राहिले.

टीव्ही काळा झाला. त्या पेनड्राइव्हवर आईचा आवाजही होता. तो आता जगात कुठेच नाही. आवाज वेगळा काढून ठेवता आला असता हे मला नंतर सुचलं. तेव्हा डोकं जागेवर नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा आईचं ऐकलं आणि त्यात आईच गेली.

नाना मग म्हणाले, "दुसऱ्यांदा गेली ती. या खेपेला तू नेलीस." आणि उठून भिंतीला धरत धरत आत गेले. त्यानंतर त्यांनी तिचं नाव माझ्यापाशी काढलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी खोडकाढ्यांचा फोन आला. आवाज घाबरा होता. "माझ्या कॅसेटला तुम्ही काही केलंत का हो?"

"मी कशाला करू?"

"कोपरा रिकामा आहे. आता लांबूनही काही नाही. घड्यांचा आवाजसुद्धा नाही."

मी ऑफिसात जाऊन सिनेमाचा मूळ स्कॅन उघडला. त्याला मी कधीच हात लावला नव्हता, नियमाप्रमाणे. सगळी धूळ होती, सगळे ओरखडे होते. ढिगापाशी डाग नव्हता. जवळून नव्हता, दारापाशी जाऊनही नव्हता. "अरे वा," मागून चकाचक म्हणाले, "मुळात डागच नव्हता, तर मग वेळ कशात गेला?"

घरी येऊन नानांचं कपाट उघडलं. माझ्या अंगावर काहीच पडलं नाही. सगळे शर्ट एकावर एक रचलेले होते, कोपऱ्याला कोपरा, कडेला कड. आमच्या घरात अशी घडी कुणाला येत नाही. चौकड्यांचा तेवढा बाहेर होता, कारण तो नानांनी अंगातून काढलाच नव्हता.

मी सगळे शर्ट ओढून जमिनीवर टाकले, चुरगळले, ढीग केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा केला, आणि नानांनी अंगातून काढलेला चौकड्यांचाही त्यात टाकला. तेव्हापासून ऑफिसातून आले की पहिलं काम हे. जन्मभर दुसऱ्यांची घाण काढून पोट भरलं, आणि आता घरात पसारा राखत बसते. नाना चिडतात. डोळे जवळजवळ गेलेत, ढिगात पाय अडकतो. "आवर की गं हे एकदा," म्हणतात. मी म्हणते, "राहू द्या. उद्या आवरते."

काल आतल्या खोलीच्या दारात ते थांबले, मान तिरकी करून. "तिथे भिंतीला ओल आलीये का?" म्हणाले. "कोपऱ्यात डाग दिसतोय."

मी जाऊन भिंतीला नाक लावलं. नुसता रंग होता, त्याचे बारीक दाणे. "काही नाही नाना," मी म्हटलं. ते दारातूनच बघत राहिले. मी मागे सरकले नाही. भिंतीकडे तोंड करून तशीच खाली बसले, ढिगातून चौकड्यांचा शर्ट शोधला, तो पुन्हा चुरगळला आणि सगळ्यात वर टाकला.